शेततळं, विहीर, कालवा : पाण्यात अडकलेल्या कुत्र्याला काढायचं कसं

सिन्नर भागातल्या एका गावच्या तरुण मंडळाने विचारलं आहे. त्यांच्याकडे प्लास्टिकचा कागद टाकलेल्या शेततळ्यात एक भटकं कुत्रं पडलं. पोरं धावली. एकजण उतारावरून घसरून स्वतःच पाण्यात गेला, दुसऱ्याच्या मनगटाला कुत्रं चावलं. कसंबसं वर घेतल्यावर ते हातातून सुटून पळालं आणि पलीकडच्या कडेने पुन्हा आत पडलं. दुसऱ्यांदा काढलं, तेव्हा चालत निघून गेलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गोठ्यामागे मेलेलं सापडलं. आमचं कुठे चुकलं, सामान काय ठेवायचं, आणि हेच विहिरीत किंवा वाहत्या पाण्यात झालं तर काय करायचं, असे त्यांचे प्रश्न आहेत.

पोरांनो, तुम्ही धावलात हे फार चांगलं केलंत. चुकलं ते एवढंच की कुत्रं दिसल्याबरोबर तुम्ही त्याला बाहेर काढायला लागलात. त्याआधी त्याला टेकायला काहीतरी द्यायला हवं होतं. ही एक गोष्ट मनात पक्की बसली की पुढचं बरंच सोपं होतं.

कुत्र्याला पोहता येतं. गावातलं धडधाकट कुत्रं शांत पाण्यात बराच वेळ तरंगतं. ते बुडतं ते दमून. शेततळ्यात ते कडेला येतं, पुढचे पाय वर टाकतं, नखं कागदावरून सुटतात, पुन्हा आत जातं. दोन हात पुढे जाऊन पुन्हा तेच. नुसतं पोहण्यात जात नाही एवढी ताकद या चढायच्या धडपडीत जाते. त्यात चहूबाजूंनी माणसं ओरडायला लागली की ते कड सोडून तळ्याच्या मध्यावर जातं आणि तिथेच गोल फिरत राहतं. पाठ पाण्याला समांतर आहे तोवर वेळ आहे असं समजा. मागचा भाग खाली जाऊन अंग उभं व्हायला लागलं, पुढचे पाय पाण्यावर आपटायला लागले, की आता थोडाच वेळ उरला.

म्हणून पहिलं काम म्हणजे तरंगणारी वस्तू पाण्यात सोडणं. ट्रॅक्टरच्या चाकाची हवा भरलेली ट्यूब आणि तिच्यावर आडवं-उभं बांधलेलं गोणपाट, याच्याइतकं चांगलं साधन नाही. नुसत्या ट्यूबवर कुत्र्याचे पाय सरकतात, गोणपाटात नखं रुततात. ट्यूब नसेल तर जुनं दार, फळी, एकत्र बांधलेले केळीचे तीन-चार खुंट, थर्माकोलची पेटी, जे असेल ते. दोर बांधूनच सोडायचं, आणि कुत्र्याच्या अंगावर फेकायचं नाही. त्याच्या वाटेत, थोडं पुढे जाईल असं सोडायचं. पुढचे दोन पाय आणि हनुवटी त्यावर आली की तुम्हाला फोन करायला, माणसं बोलवायला, दोर आणायला, मुख्य म्हणजे विचार करायला वेळ मिळतो.

जुन्नर-ओतूर पट्ट्यात विहिरीत बिबट्या पडतो तेव्हाही हेच करतात. आधी लाकडाचा ओंडका किंवा दोरांना बांधलेली बाज पाण्यावर सोडतात, जनावर तिच्यावर बसून दम खातं, आणि मग सावकाश पिंजरा उतरवतात. एवढं ताकदवान जनावरही आधी टेकू शोधतं. कुत्र्याला तर तो लागतोच.

दुसरं काम गर्दीचं. तळ्याच्या तीन बाजूंना गर्दी होऊ द्यायची नाही असा आमच्या बचाव गटाचा नियम आहे. कुत्रं माणसांपासून लांब पोहतं, त्यामुळे सगळी माणसं एका बाजूला आणली की ते आपोआप समोरच्या कडेला जातं. तिथे आधीच व्यवस्था करून ठेवायची आणि तिथे दोनच माणसं बसवायची. उभी नव्हे, बसलेली, तीही पाठमोरी किंवा बाजूला तोंड करून. बोलायचं एकानेच, तेही हळू. कुत्रं पाळीव असेल तर मालकाला बोलवा. फक्त त्याला पाण्यापासून चार पावलं मागे बसवा, कारण आपल्या कुत्र्यापायी उडी टाकणारा बहुतेक वेळा मालकच असतो. मोबाइल काढून उभ्या असलेल्यांना नावानिशी काम सांगा: तू दोर आण, तू रस्त्यावर उभा राहा, तू डॉक्टरांना फोन लाव. कामाला लागलेला माणूस ओरडत नाही.

आता शेततळ्याचं सविस्तर सांगतो, कारण २०१६ पासून ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेमुळे गावोगावी तळी झाली आणि आम्हाला येणारे बरेचसे फोन आता तिथलेच असतात. अस्तराचा कागद, म्हणजे ती पाचशे मायक्रॉनची जाड पन्नी, कोरडी असतानाही निसरडी असते. पाण्याच्या रेषेला शेवाळाचा पट्टा धरला की त्यावर उभं राहणं कुणालाही शक्य नाही. तुमचा गडी घसरला तो याच पट्ट्यावर, याची मला खात्री आहे. त्या उतारावर पाऊल टाकायचं तर कमरेला दोर आणि दोराचं दुसरं टोक झाडाला किंवा ट्रॅक्टरला बांधलेलं असलंच पाहिजे. वर उभ्या माणसाने नुसतं हातात धरलं तर दोघंही आत जातात. पोहता येणाऱ्यानेही या नियमातून सूट घेऊ नये. कागदाच्या तळ्यातून चांगला पोहणाराही वर येऊ शकत नाही.

उतरायची गरज मात्र क्वचित पडते. कडेला गोणपाटाची वाट करा. खताची किंवा कांद्याची रिकामी पोती एकाला एक बांधून लांब पट्टा करायचा, खालच्या टोकाला दगड किंवा वाळूचं पोतं बांधायचं म्हणजे तो पाण्याखाली चांगला हात-दोन हात जाईल, आणि वरचं टोक खुंटीला घट्ट बांधायचं. हिरवी शेडनेट दुहेरी करून टाकली तरी चालते. लाकडी शिडी असेल तर ती उतारावर वरून खाली टाकून तिच्यावर पोती गुंडाळा. कुत्र्याला पायाखाली धरायला काही मिळालं की बहुतेक वेळा ते स्वतःच चढून येतं, तुम्हाला हातही लावावा लागत नाही. शेतकऱ्याला नखांनी कागद फाटण्याची काळजी असते. ती रास्त आहे, अस्तराला बराच पैसा लागतो. पोत्यांच्या वाटेने त्याचं नुकसानही टळतं आणि तो तुमच्या बाजूने उभा राहतो.

इथेच तुमची दुसरी अडचण आली. कुत्रं वर आलं आणि घाबरून सरळ पळालं. असं नेहमी होतं. त्याच्या डोळ्यांसमोर अंधारी असते, त्याला तळं कुठे आणि शेत कुठे हे कळत नाही. वाटेच्या वरच्या टोकाला पिंजरा उघडा ठेवा, किंवा दोन बाजूंना जाळी, ताडपत्री धरून बोळ करा, जेणेकरून तळ्याकडे परत फिरायला जागाच राहणार नाही.

हाताने धरायची वेळ आलीच तर कुत्र्याच्या तोंडासमोर हात न्यायचा नाही. दमलेलं, भ्यालेलं कुत्रं समोर येईल त्याला चावतं, त्यात त्याचा दोष नाही. कॅच-पोल, म्हणजे टोकाला फास असलेली काठी, किंवा लांब बांबूला केलेला सरकता फास वापरा, आणि फासात गळ्याबरोबर एक पुढचा पायही घ्या. नुसत्या गळ्याला फास घालून ओल्या अंगाचं जनावर वर ओढलं तर त्याचं सगळं वजन श्वासनळीवर येतं. पाण्यातून वाचलेलं कुत्रं फासाने मेलेलं मी पाहिलं आहे.

विहिरीचं वेगळं आहे आणि जास्त धोक्याचं आहे. पहिला धोका कडेचा. कठडा नसलेल्या जुन्या विहिरीची कड गर्दीच्या वजनाने ढासळते, म्हणून कडेपाशी कामाची माणसं सोडून कुणी नको आणि त्यांनाही दोर बांधलेला हवा. दुसरा धोका दिसत नाही. ९ एप्रिल २०२४ ला, गुढीपाडव्याच्या दिवशी, नेवासा तालुक्यातल्या वाकडी गावात एक मांजर जुन्या विहिरीत पडलं. त्या विहिरीत बायोगॅसची शेणाची मळी साठवलेली होती. मांजर काढायला एकजण उतरला, तो वर येईना म्हणून दुसरा उतरला, त्याच्यामागे आणखी. पाच माणसं गेली. कमरेला दोर बांधून उतरलेला एकजण तेवढा जिवंत वर आला.

मुक्या जनावरासाठी धावणाऱ्या प्रत्येकाने ही घटना लक्षात ठेवायला हवी. कुजणाऱ्या मळीतून निघणारे वायू खाली साचतात आणि प्राणवायूला बाजूला सारतात. सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण त्या वायूचं प्रमाण वाढलं की नाकाला तो वास येणंच बंद होतं, आणि दोन-चार श्वासांत शुद्ध जाते. जुनी माणसं कंदील सोडून बघायची. ज्योत विझली तर प्राणवायू कमी हे खरं, पण ज्योत जळत राहिली म्हणून विषारी वायू नाही असं होत नाही, आणि मळीच्या खड्ड्यात तर पेटता कंदील स्वतःच आग लावेल. त्यामुळे वापरात नसलेली विहीर, मळीचा खड्डा, मैल्याची टाकी, गटाराचं चेंबर, यांत आपण उतरायचंच नाही. वरून जे करता येईल ते करायचं आणि अग्निशमन दलाला १०१ किंवा ११२ वर बोलवायचं. श्वासाचं यंत्र लावलेला माणूसच तिथे उतरू शकतो. आणि एखादा उतरून बेशुद्ध पडलाच, तर त्याच्या मागे दुसऱ्याला जाऊ देऊ नका. धरून ठेवा, बांधून ठेवा, पण जाऊ देऊ नका.

वापरातल्या, उघड्या, पाणी चांगलं असलेल्या विहिरीतही शक्यतो वरूनच काम होतं. डाळिंबाच्या मळ्यातल्या एका विहिरीतली कुत्री आम्ही काढली, ते सांगतो म्हणजे क्रम कळेल. खडकात खोदलेली विहीर, उन्हाळ्यामुळे पाणी खोल गेलेलं. कुत्री एका कपारीला पुढचे पाय लावून पाण्यात लोंबकळत होती. आम्ही ट्यूब सोडली. ती गुरगुरली आणि कपारीला आणखी चिकटली. मग दोर सैल करून ट्यूब तिच्या शेजारी, खडकाला लागून नुसती राहू दिली आणि सगळे कडेपासून मागे सरकलो. एकच मुलगा पालथा पडून बघत होता. तिने एक पाय ट्यूबवर ठेवला, ती हलली म्हणून काढला. पुन्हा ठेवला. शेवटी कपारीतली पकड सुटली आणि ती छातीवर ट्यूबवर आली. आम्ही लगेच ओढायला गेलो असतो तर ती पाण्यात उलटली असती. तिला तसंच राहू दिलं. तिचा धापांचा आवाज वरपर्यंत येत होता, तो संथ झाल्यावर बाज उतरवली.

बाजेची युक्ती अशी. बाजेवर दोराची मजबूत, मोठ्या घरांची जाळी पसरायची आणि जाळीच्या चार कोपऱ्यांना वेगळे चार दोर बांधायचे. बाज तिच्या स्वतःच्या चार दोरांनी पाण्याच्या किंचित खाली उतरवायची, ट्यूब हळूच तिच्यावर ओढून आणायची. कुत्रं बाजेवर उतरलं की जाळीचे चारही दोर एकदम वर घ्यायचे, म्हणजे जाळी झोळीसारखी मिटते आणि जनावर आत राहतं. मग बाज सोडून फक्त झोळी वर घ्यायची. नुसत्या बाजेवर कुत्रं वर आणलं तर माणसांच्या जवळ आल्याबरोबर ते उडी मारतं, आणि ती उडी खाली विहिरीत असते. झोळी वर घेताना एकाने आवाज द्यायचा आणि चौघांनी त्याच आवाजावर ओढायचं. झोळी खडकाला घासू नये म्हणून दोर कडेला लागतो तिथे पोतं घाला, दोरही वाचतो.

त्या कुत्रीला वर घेतल्यावर आमच्यातल्या एका ताईच्या लक्षात आलं की तिची आचळं दुधाने भरलेली आहेत. पिलं जवळच कुठेतरी असणार. शोधल्यावर ती पाइपांच्या ढिगाखाली सापडली. हे मुद्दाम सांगतो, कारण बाहेर काढलेल्या मादीला सरळ गाडीत घालून तालुक्याला नेलं तर मागे पिलं उपाशी मरतात. मादी असेल तर आधी पोट बघा.

कालवा आणि नदी यांत वेळ हातात नसतो. वाहत्या पाण्यात कुत्र्याच्या बरोबरीने काठाने पळत जाणं व्यर्थ आहे. मोटारसायकलवर पुढचा पूल गाठा आणि तिथे तयारीत थांबा. कालव्याला सिमेंटचा उतार असेल तर दोर आडवा सरळ न बांधता तिरका धरा, म्हणजे वाहत आलेलं जनावर दोराच्या कडेने प्रवाहानेच एका काठाकडे सरकतं. पुढे सायफन (कालव्याचं पाणी ओढ्याखालून नेणारी बंद वाट) किंवा बोगदा असेल तर त्याच्या बऱ्याच आधीची जागा धरायची, कारण एकदा आत ओढलं गेलं की काही हाती लागत नाही. पाटबंधारे खात्याच्या चौकीदाराचा नंबर तुमच्याकडे असलाच पाहिजे. पाणी लगेच कमी होणार नाही, पण तुम्ही तिथे काम करताय हे त्याला माहीत असावं.

कोल्हापुरी बंधाऱ्यावरून पाणी पडत असेल तर त्याच्या पायथ्याशी कुणीही जाऊ नये, होडीही नेऊ नये. वरून दिसायला तिथलं पाणी फार भयंकर वाटत नाही. पण पडणारं पाणी तळाशी जाऊन पुन्हा बंधाऱ्याकडे फिरतं आणि त्यात सापडलेली वस्तू तिथेच गोल फिरत राहते. कुत्रं त्यात असेल तर दोर बांधलेली ट्यूब वरून किंवा काठावरून टाकता येईल तेवढं करायचं. त्याहून जास्त आपल्या हातात नाही, आणि हे मान्य करणं फार जड जातं हे मला ठाऊक आहे.

वाहत्या पाण्यात माणसाच्या कमरेला गाठ मारून दोर बांधू नका. हे शेततळ्याच्या बरोबर उलट आहे, म्हणून घोळ होतो. स्थिर पाण्यात दोर माणसाला वर आणतो. प्रवाहात दोर ताणला गेला की पाणी माणसाला खाली दाबतं आणि गाठ सुटत नाही. प्रशिक्षित जवान एका झटक्यात सुटणारं जॅकेट वापरतात. ते नसेल तर पाण्यात उतरायचं नाही, काठावरून दोर फेकायचा.

पुराचं थोडक्यात सांगतो. ८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला पुरात माणसं नेणारी होडी जास्त भार झाल्याने उलटली, हे पश्चिम महाराष्ट्र विसरलेला नाही. त्यामुळे होडीत आधी माणसं, आणि जनावरासाठी वेगळी फेरी. कुत्रं होडीच्या तळाशी, मध्यावर, पिंजऱ्यात किंवा बांधलेलं. काठावरून कुत्र्याला आत ओढायला तिघंजण एकाच बाजूला झुकले की होडी गेलीच. गच्चीवर, पत्र्यावर सुरक्षित बसलेलं कुत्रं सगळ्यात आधी हलवायची गरज नसते. त्याला खायला आणि प्यायला चांगलं पाणी पोचवा, आणि जे साखळीला बांधलेलं आहे त्याच्याकडे आधी जा. सांगलीच्या आयर्विन पुलाची किंवा कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी इशाऱ्याच्या खुणेकडे सरकायला लागली की गावात दवंडी देतानाच सांगायचं: घर सोडताना जनावर बरोबर घ्या, ते जमत नसेल तर निदान दावं, साखळी सोडून जा. मोकळं जनावर उंच जागा शोधतं. बांधलेलं जागीच बुडतं.

जनावरं सोडून जायला नको म्हणून माणसंही मागे राहतात, हा अनुभव फक्त कृष्णाकाठचा नाही. अमेरिकेत २००५ च्या कॅटरिना वादळात अनेकांनी पाळीव प्राण्यांपायी घर सोडलं नाही. त्यानंतर २००६ मध्ये तिथे कायदा झाला की राज्यांनी आपत्तीच्या आराखड्यात पाळीव प्राण्यांचाही विचार केला पाहिजे. आपल्याकडे तालुक्याच्या आराखड्याची बैठक पावसाळ्यापूर्वी होते. तिथे जाऊन हा मुद्दा मांडणं हे पुराच्या दिवशी होडी शोधण्यापेक्षा जास्त उपयोगाचं काम आहे.

आता तुमचं कुत्रं दुसऱ्या दिवशी का मेलं, ते. मी ते पाहिलेलं नाही, पण बहुधा फुप्फुसांमुळे. पाणी छातीत गेलं की फुप्फुसांना आतून सूज येते आणि ती लगेच दिसत नाही. जनावर उठतं, चालतं, शेपूटही हलवतं, आणि काही तासांनी श्वास लागायला लागतो. पहिले चोवीस ते अठ्ठेचाळीस तास धोक्याचे. म्हणून पाणी प्यायलेलं किंवा खोकणारं प्रत्येक कुत्रं पशुवैद्यांना दाखवायचंच, आणि एक-दोन दिवस बंद, कोरड्या जागी नजरेखाली ठेवायचं. निवांत पडलेलं असताना मिनिटाला श्वास मोजा. दहा ते तीस ठीक. चाळीसच्या वर जायला लागले, हिरड्या गुलाबीच्या पांढऱ्या किंवा निळसर दिसल्या, मान पुढे ताणून तोंडाने श्वास घेऊ लागलं, तर रात्र असली तरी निघा. त्याला ऑक्सिजन लागणार आहे, घरगुती उपायाने ते भागत नाही.

बाहेर काढल्यावर लगेच काय करायचं? उलटं टांगून झटकू नका. त्याने फुप्फुसातलं पाणी निघत नाही, पोटातलं मात्र वर येऊन श्वासनळीत जातं. शुद्धीवर असेल तर छातीवर बसू द्या, मान सरळ राहू द्या. बेशुद्ध असेल तर कुशीवर, डोकं किंचित खाली, जीभ बाहेर ओढून तोंडातली घाण काढायची. श्वास नसेल आणि हृदयही लागत नसेल तर छाती दाबायला लागा: मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, छातीच्या जाडीच्या एक तृतीयांश ते निम्मं आत जाईल इतकं, दर वेळी छाती पूर्ण वर येऊ देऊन. तीस दाबांनंतर तोंड मिटून नाकातून दोन श्वास देतात. अनोळखी कुत्र्याच्या नाकाला तोंड लावू नका, त्याच्या लाळेचा भरवसा नसतो. लहान हवेचा फुगा असलेला मास्क असेल तर तो वापरा, नाहीतर नुसते दाब चालू ठेवा.

अंग गार पडलेलं असतं. निरोगी कुत्र्याचं तापमान साधारण १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, ९९ च्या खाली गेलं की ऊब द्यावी लागते. आधी पोत्याने, टॉवेलने कोरडं पुसा, मग घोंगडीत गुंडाळा. गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून कुशीला लावायची, उघडी नाही. शेकोटीजवळ नेऊ नका. आणि अर्धवट शुद्धीतल्या कुत्र्याच्या तोंडात दूध, पाणी, हळद, ब्रँडी यातलं काहीही ओतू नका. नीट उभं राहून स्वतः प्यायला लागलं की मग द्या.

ज्याला चावलं त्याच्याबद्दल. त्याने लस घेतली नसेल तर हे वाचणं थांबवून आत्ताच त्याला घेऊन जा. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर माणूस वाचत नाही, आणि लक्षणांपूर्वी नीट उपचार घेतले तर रोग टाळता येतो. चावल्यावर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची, घड्याळ लावून. चुना, मिरची, हळद, तेल काही लावायचं नाही. मग सरकारी दवाखाना, तिथे लस मोफत मिळते. रक्त आलेली जखम असेल तर लसीबरोबर जखमेत द्यायचं सीरमही लागतं, ते मिळेल तिथेच जायचं. कुत्रं मेलं म्हणजे आता धोका नाही असं समजू नका. चावलेलं कुत्रं एका दिवसात मरणं हे लस पूर्ण करण्याचं आणखी एक कारण आहे. आणि हे काम करायचंच असेल तर गटातल्या सगळ्यांनी आधीच प्रतिबंधक लस घेऊन ठेवा: पहिल्या दिवशी, सातव्या दिवशी, आणि एकविसाव्या किंवा अठ्ठाविसाव्या दिवशी. नंतर कधी चावलं तर दोनच डोस लागतात आणि सीरम लागत नाही. पुराच्या पाण्यात उतरलेल्यांनी लेप्टोची, म्हणजे दूषित पाण्यातून होणाऱ्या तापाची, काळजी घ्यावी. पायाला जखम असेल तर पाण्यात जाऊ नका, आणि नंतरच्या काही आठवड्यांत ताप आला, पोटऱ्या दुखल्या, डोळे लाल झाले तर डॉक्टरांना आपण पुराच्या पाण्यात होतो हे स्वतःहून सांगा.

सामानाला फार पैसे लागत नाहीत. गोणपाट बांधलेली ट्यूब आणि पंप, पाण्यावर तरंगणारा प्लास्टिकचा लांब दोर, माणसाला बांधायला न ताणणारा चांगला दोर, दोन लाइफ जॅकेट, मजबूत जाळी, कॅच-पोल, झाकणाचा पिंजरा, चामडी हातमोजे, टॉवेल, हेडटॉर्च. काथ्याचा जुना दोर माणसाच्या वजनाला वापरू नका. मुसकी ठेवा, पण धापा टाकणाऱ्या किंवा ओकणाऱ्या कुत्र्याला ती बांधू नका. हे सगळं सामान एकाच पोत्यात, एकाच घरी हवं. दहा घरांत विखुरलेलं सामान वेळेला मिळत नाही. जिल्ह्यात ‘आपदा मित्र’, म्हणजे आपत्तीत मदत करणाऱ्या स्वयंसेवकांचं, प्रशिक्षण असेल तर गटातल्या दोघांनी तरी ते घ्यावं. जनावरांच्या फिरत्या दवाखान्यासाठी १९६२, आणि पाण्यात कोल्हा, तरस किंवा बिबट्या दिसला तर वनखात्याचा १९२६ हे नंबर त्या पोत्यावरच लिहून ठेवा. वन्यप्राण्याला आपण हात लावायचा नाही.

बरं झालेलं भटकं कुत्रं जिथलं आहे तिथेच सोडा. नसबंदी आणि लसीकरणाचे २०२३ चे नियमही तेच सांगतात, आणि नव्या हद्दीत सोडलेलं कुत्रं तिथल्या कुत्र्यांच्या भीतीने पळत सुटतं.

राहिलं ते शेततळ्याचं. तारेचं कुंपण खालून मोकळं असेल तर कुत्रं त्यातून शिरतंच, म्हणून खालची हातभर जागा बारीक जाळीने बंद करायला शेतकऱ्यांना सांगा. आणि प्रत्येक तळ्यात निदान दोन समोरासमोरच्या कडांना जुने टायर दोराने एकाखाली एक ओवून पाण्यात सोडून ठेवा, तळापर्यंत. पाणी कमी-जास्त झालं तरी कुठला ना कुठला टायर पाण्याच्या रेषेला राहतो. त्यावरून कुत्रं चढतं, शेळी चढते, आणि पाणी बघायला गेलेलं लहान मूलही त्याला धरून राहू शकतं. टायरच्या कडेला तार निघालेली असेल तर ती कापून टाका, नाहीतर कागद फाटेल. उन्हाने दोर कडक होऊन तुटतो, तेव्हा दर मे महिन्यात एकदा प्रत्येक दोर दोघांनी ओढून बघायचा आणि शंका आली तर लगेच बदलायचा.